शेल्टरमधला दोनदा परत आलेला ससा, आणावा का घरी?

अबोली
नमस्कार मंडळी, बरेच महिने नुसती वाचत होते, आज पहिल्यांदा धागा काढतेय, काही चुकलं तर सांभाळून घ्या.

गेल्या रविवारी मांजर बघायला म्हणून आम्ही प्राण्यांच्या शेल्टरमध्ये गेलो होतो, मी, नवरा आणि लेक (वय ९). मांजरांच्या खोलीकडे जाताना मधे एक लहान खोली लागते, तिथे चार ससे होते. तिघं जाळीपाशी येऊन नाकं हलवत होते, चौथा पुठ्ठ्याच्या खोक्यात. राखाडी, एक कान उभा नि एक पडलेला. लेक तिथे खाली बसली ती उठेचना. हात वगैरे नाही घातला आत, नुसती बसून राहिली आणि बऱ्याच वेळाने तो खोक्यातून अर्धा बाहेर आला, मान लांब करून तिच्या बुटाच्या नाडीचा वास घेतला आणि परत आत. बस्स एवढंच. गाडीत कोणी काही बोललं नाही, घराजवळ आल्यावर लेक म्हणाली, "आई, तो माझ्यासाठी बाहेर आला होता."

तर हा ससा तीन वर्षांचा आहे, नर, नसबंदी झालेली. दोन घरांनी नेऊन परत आणून दिलाय. पहिल्यांदा "चावतो" म्हणून, दुसऱ्यांदा "खेळत नाही, नुसता बसून असतो" म्हणून. जाळीवरच्या कार्डावर लिहिलंय, "उचलून घेतलेलं आवडत नाही". नवऱ्याचं म्हणणं, ससाच हवा असेल तर छोटं पिल्लू आणू, लहानपणापासून लळा लागेल. मला मात्र तो खोक्यातला डोळ्यासमोरून हलत नाहीये. पण आम्हाला सशातलं ओ की ठो कळत नाही, आणि तिसऱ्यांदा परत नेऊन सोडायची वेळ आमच्यामुळे येऊ नये. अनुभवी लोकांनी खरं काय ते सांगा.

टिंबटिंब
आणा!!!

सांजवेळ
टिंबटिंब, असं एका शब्दात आणा म्हणणाऱ्यांमुळेच तो दोनदा परत आलाय. राग मानू नका.

गवतफुला
अबोली, स्वागत. माझ्याकडे गेली अकरा वर्षं ससे आहेत, पहिली ससुली दहा वर्षांची होऊन गेली, सध्या दोघं आहेत. सविस्तर लिहिते, कंटाळा आला तरी वाचा.

सगळ्यात आधी वय. नीट सांभाळलेला ससा ८ ते १२ वर्षं जगतो. म्हणजे तुमचा तीन वर्षांचा पाहुणा लेक कॉलेजात जाईपर्यंत घरात असणार. हे आधी नवऱ्याला सांगा.

मग खाणं. गाजर विसरा. चित्रातला ससा गाजर खातो, घरातल्या सशाला गाजर म्हणजे मिठाई, बोटाच्या पेराएवढा तुकडा, तोही कधीतरी. त्याचं खरं जेवण वाळलेलं गवत. ८०-८५ टक्के गवतच हवं आणि ते चोवीस तास समोर हवं. टिमोथी किंवा तसलंच साधं गवत. लसूणघास फक्त सहा महिन्यांखालच्या पिल्लांना, मोठ्यांना त्यातलं कॅल्शियम जास्त होतं. त्याच्या जोडीला पालेभाजी, कोथिंबीर, पुदिना, तुळस असं थोडं थोडं आलटून पालटून. पाकिटातल्या गोळ्या २ किलोच्या सशाला दिवसाला फार तर ५० ग्रॅम. कांदा, लसूण, बटाटा, चॉकलेट चुकूनसुद्धा नको.

एवढा गवताचा धोशा कशाला, तर दात. सशाला २८ दात आणि ते सगळेच्या सगळे जन्मभर वाढत राहतात, पुढचे तर आठवड्याला २-३ मिलिमीटर. तासन् तास गवत रवंथ केल्यासारखं चावलं तरच ते झिजतात. नाही झिजले तर गालाला, जिभेला टोचायला लागतात, मग खाणं बंद, आणि सशाने खाणं बंद केलं की पुढचं सगळंच अवघड होतं. आमच्या पहिलीचं हेच झालं होतं, मला कोणी सांगितलं नव्हतं, मी वाटी भरभरून गोळ्या देत होते आणि ती गोल गरगरीत झाली म्हणून कौतुक करत होते. हनुवटी ओली राहायला लागली तेव्हा डॉक्टरकडे नेलं. तोंडात मागच्या दाताची कड जिभेत रुतली होती. ते बघितल्यापासून मी गवताच्या बाबतीत कोणाचं ऐकत नाही.

आणि मोठा ससा आणताय हे माझ्या मते उत्तमच. स्वभाव समोर दिसतोय. पिल्लू गोड असतं, पण ४-५ महिन्यांचं झालं की वयात येतं, मग मुतून हद्द आखणं, अंगावर धावणं सुरू. बहुतेक लोक तिथेच हात टेकतात.

रिकामटेकडा
मी वेगळं मत मांडतो. ससा हा मोकळ्या रानातला जीव. त्याला चार भिंतींत आणून आपण त्याच्यावर उपकार करतोय असं समजणं मला पटत नाही. एवढीच माया असेल तर शेल्टरवाल्यांनी एखाद्या सुरक्षित रानात सोडून द्यावेत, कुठल्याही प्राण्याला स्वातंत्र्यच हवं असतं.

कपिलाषष्ठी
रिकामटेकडा, तुमची तळमळ कळते पण हे भयंकर आहे हो. आपली मराठी इथे घोटाळा करते, कारण दोन वेगळ्या प्राण्यांना आपण एकच नाव दिलंय. रानात झुडपातून उसळी मारून पळतो तो ससा वेगळा आणि घरात पाळतात तो वेगळा. रानसशाची पिल्लं अंगावर केस आणि उघडे डोळे घेऊन उघड्यावर जन्मतात. पाळीव सशाची पिल्लं उघडीबोडकी, डोळे मिटलेली, बिळात जन्मणारी, डोळे उघडायलाच दहा दिवस लागतात. जगातले सगळे पाळीव ससे मूळच्या स्पेन-पोर्तुगालकडच्या बिळात राहणाऱ्या सशांपासून आलेत. पिढ्यान् पिढ्या माणसाच्या हाताखाली वाढलेल्या या जीवाला रानात सोडलं तर पांढऱ्या-काळ्या ठिपक्यांचा तो गवतात दिव्यासारखा दिसतो. कुत्रं, घार, मुंगूस, कोणीतरी त्याच रात्री उचलतं. ती सुटका नव्हे.

रिकामटेकडा
हा फरक खरंच माहीत नव्हता. सोडून देण्याचं वाक्य मागे घेतो. पिंजऱ्याबद्दलचं मत मात्र कायम आहे.

गवतफुला
पिंजऱ्याबद्दल मी तुमच्याच बाजूची. चोवीस तास पिंजरा नकोच. आमचे दोघं एका खोलीत मोकळे असतात. जाणकार संस्था निदान ३ मीटर बाय २ मीटर जागा कायम खुली हवी असं सांगतात, तीन उड्या सलग मारता यायला हव्यात आणि मागच्या पायांवर ताठ उभं राहिलं तर कान छताला लागायला नकोत. आणि खाली तारेची जाळी अजिबात नको. सशाच्या तळपायाला मांजरासारख्या गाद्या नसतात, नुसते केस असतात, जाळीवर राहून टाचांना जखमा होतात.

मुक्कामपोस्ट
आमच्या मोकळ्या सशाने आठवड्यात दोन चार्जर, एक हेडफोन आणि मिक्सरची वायर संपवली. मिक्सर चालू नव्हता हे नशीब. वायरींना जाड प्लॅस्टिकच्या नळ्या घाला, आणि ज्या वायरी वर टांगता येतील त्या टांगा. बिळात आडवी येणारी मुळं कापायची त्यांना सवयच असते, त्याच्या दृष्टीने तुमची वायर म्हणजे मूळ.

धुंडाळ
ससा उंदरांच्याच जातीतला ना शेवटी, कुरतडणारच.

कपिलाषष्ठी
नाही नाही. १९१२ पर्यंत शास्त्रज्ञही त्यांना उंदीर-खारींसोबत मोजायचे, मग वेगळा गण केला. सशाच्या वरच्या पुढच्या दातांच्या मागे अजून दोन बारीक दात असतात, ते उंदराला नसतात.

धुंडाळ
या धाग्यावर येऊन रोज एक गोष्ट चुकीची बोलायची आणि एक नवीन शिकायची, छान चाललंय :)

रुईफूल
मी प्राण्यांच्या दवाखान्यात मदतनीस आहे. ससा आणणाऱ्या प्रत्येकाने घरात लिहून लावावं असं सांगते.

ससा दुखणं लपवतो. शिकार होणारा जीव आहे, कळपात दुबळा दिसला की मेला, म्हणून पोट फुगून तडस लागली तरी तो गप्प बसून राहील. त्यामुळे बघायचं काय, तर खाणं आणि लेंड्या. बारा तासांत काही खाल्लं नाही किंवा लेंड्या पडल्या नाहीत तर सकाळची वाट बघू नका, रात्री असेल तर रात्री निघा. आतडी थंडावली की सशाकडे फार वेळ नसतो. त्याला उलटी करता येत नाही, जे आत गेलं ते पुढेच सरकायला हवं. याच कारणामुळे सशाला ऑपरेशनआधी उपाशी ठेवत नाहीत, कुणी कुत्र्यामांजरासारखं ठेवा म्हणालं तर दोनदा विचारा.

पहाटे तो वाकून स्वतःच्या मऊ, द्राक्षाच्या घोसासारख्या लेंड्या खाताना दिसला तर ओरडू नका. त्या नेहमीच्या कोरड्या लेंड्या नव्हेत, त्यात जीवनसत्त्वं असतात, तो त्याच्या जेवणाचाच दुसरा फेरा आहे.

कुत्र्यामांजरांच्या पिसवांवरचं फिप्रोनिलवालं औषध सशाला लावू नका, जिवावर बेततं. तोंडाने द्यायचं अमॉक्सिसिलिन, पेनिसिलिनसुद्धा नाही. घरात उरलेलं औषध द्यायचा मोह आवरा. आंघोळ नाही घालायची. आणि उन्हाळा. त्याला घाम येत नाही, धापही नीट टाकता येत नाही, उष्णता बाहेर पडते ती मुख्यतः कानांतून. ३० अंशांच्या पुढे पारा गेला की गार फरशी, सावली, आणि बाटलीत पाणी गोठवून टॉवेलात गुंडाळून शेजारी ठेवा, तो आपणहून टेकून बसतो.

आधी शोधून ठेवा सशावर उपचार करणारा डॉक्टर. सगळे करत नाहीत. आणण्याच्या आधी शोधा, नंतर नाही.

टिंबटिंब
रुईफूल, प्रिंट काढून फ्रिजवर लावली. माझ्याकडे ससा नाही, तरी लावली.

पाणकणीस
आमची कथा सांगते, पिल्लूच आणू म्हणणाऱ्यांसाठी. दुकानातून "दोघी बहिणी" म्हणून दोन पिल्लं आणली. एवढ्या लहान वयात नर-मादी ओळखणं माहितगारालाही अवघड जातं हे आम्हाला कुठे माहीत. चार-साडेचार महिन्यांनी एक दिवस एका "बहिणी"ने छातीचे केस उपटून तोंडात धरून कोपऱ्यात न्यायला सुरुवात केली. मला वाटलं काहीतरी रोग झाला. सकाळी बघतो तर त्या केसांच्या गादीत सहा पिल्लं, गुलाबी, अंगठ्याएवढी.

आई त्यांच्याजवळ फिरकेना, म्हणून आम्ही रडकुंडीला. मग कळलं की सशीण दिवसातून एकदा-दोनदाच, तेही काही मिनिटंच पाजते, बाकी वेळ मुद्दाम लांब राहते म्हणजे शिकाऱ्याला बीळ सापडू नये. पिल्लांची पोटं फुगीर दिसली म्हणजे सगळं ठीक. पण मधल्या काळात दुसरी "बहीण", म्हणजे पिल्लांचे वडील, तिथेच होते. आणि सशीण बाळंत झाल्याच्या दिवशीही पुन्हा गाभण राहू शकते, दिवस भरतात ३०-३२च. महिन्याने अजून पाच. दोनाचे तेरा झाले हो.

मग पळापळ करून वेगळं केलं, ऑपरेशनं केली, घरं शोधली. चार पिल्लांना घर मिळेना, ती शेल्टरलाच द्यावी लागली. तिथल्या बाईंनी एक शब्द लागट बोलला नाही, नुसती नावं विचारून कार्डावर लिहिली. मला ते अजून लागतं. अबोली, ऑपरेशन झालेला, तपासलेला, मोठा ससा मिळतोय, डोळे झाकून पिल्लाच्या वर ठेवा.

रुईफूल
पाणकणीस, तुम्ही निस्तरलंत हे खूप आहे. अजून एक, मादीचं ऑपरेशन फक्त पिल्लं नकोत म्हणून नसतं. न केलेल्या माद्यांना तीन-चार वर्षांच्या पुढे गर्भाशयाच्या कॅन्सरचं प्रमाण फार मोठं आहे. आणि नराचं केलं तरी पुढचे ४ ते ६ आठवडे मादीपासून लांबच ठेवा.

सांजवेळ
मी शेल्टरमध्ये शनिवार-रविवार जाते (तुमचं नव्हे, दुसरं). "चावतो" असं लिहून परत आलेल्या सशांबद्दल सांगते. दहातल्या नऊ वेळा गोष्ट अशी असते की मूल वरून हात घालतं, उचलतं, मिठी मारतं. वरून झडप घालतं ते कोण? घार. सशाला दोन्ही बाजूंचं, मागचं, वरचं सगळं दिसतं, पण नाकाच्या थेट समोरचं दिसत नाही. तुम्ही त्याच्या नाकासमोर बोट नेलंत तर त्याला ते अचानक आल्यासारखं वाटतं. त्याने आधी कान मागे पाडून सांगितलेलं असतं, पाय आपटून सांगितलेलं असतं, कोणी ऐकलं नाही की मग दात. आणि उचलल्यावर तो लाथा झाडतो त्यात त्याचाच कणा मोडू शकतो, हाडं हलकी आणि मागचे पाय दणकट. उताणं धरलं की "शांत होतो" असे व्हिडिओ फिरतात, ते शांत होणं नाही, घाबरून मेल्यासारखं पडणं आहे. कृपया करू नका.

"नुसता बसून असतो" याचंही तेच. ससा पहाटे आणि संध्याकाळी जागा. ज्यांनी परत केला ते बहुतेक दुपारी खेळायला बोलावत असतील.

कार्डावर लिहिलंय ना उचललेलं आवडत नाही, मग तो बिघडलेला नाहीये, शेल्टरने प्रामाणिकपणे ससा म्हणजे काय ते लिहिलंय. तुमच्या लेकीने न सांगता जे केलं, खाली बसून वाट बघितली, तेच करायचं असतं. त्यांना विचारा की सध्या काय आणि किती खातो, लेंड्यांचा ट्रे वापरतो का, दात कधी तपासले, बाकीच्या तिघांत त्याची कोणाशी जोडी आहे का. जोडी असेल तर तोडू नका.

रिकामटेकडा
ससा पहाटे-संध्याकाळी जागा असतो म्हणता, मग कासवाशी शर्यत दुपारी लावली असणार. त्या बिचाऱ्याची पिढ्यान् पिढ्या बदनामी केली आपण.

मुक्कामपोस्ट
हा हा, खरंय, पंच कासवाच्या बाजूचा होता!

धुंडाळ
आणि ससेमिरा शब्द? ससा मागे लागला की सोडत नाही म्हणून? (आज पण चुकलं असेल तर सांगा.)

कपिलाषष्ठी
चुकलंच, पण चांगला विषय काढलात. त्यात ससा नाहीच. जुन्या संस्कृत गोष्टीतला राजपुत्र वाघाच्या भीतीने झाडावर चढतो, तिथे अस्वल असतं, ते त्याला आसरा देतं, मांडीवर झोपू देतं. मग अस्वलाची झोपायची पाळी येते तेव्हा हा त्याला खाली ढकलतो. अस्वल वाचतं, पण राजपुत्र वेडा होऊन "स-से-मि-रा" एवढंच बडबडत सुटतो. ती चार श्लोकांची पहिली अक्षरं. पहिल्या श्लोकाचा अर्थ साधारण असा की जो विश्वासाने आला त्याला फसवण्यात कसली हुशारी, मांडीवर येऊन झोपलेल्याला मारण्यात कसला पराक्रम.

पाणकणीस
कपिलाषष्ठी, हे शेल्टरच्या दारावर लावायला हवं.

अबोली
सगळ्यांचे मनापासून आभार. नवऱ्याने अख्खा धागा वाचला, "दोनाचे तेरा" वाचल्यावर पिल्लाचा विषय आपोआप बंद झाला. शेल्टरला फोन केला. जोडी कोणाशी नाही, उलट बाकीचे त्याला हुसकावतात. ट्रे वापरतो. दात दोन महिन्यांपूर्वी तपासलेत. एकच अडचण, नवऱ्याला धुळीचा त्रास आहे, सशाचं काही होईल का?

गवतफुला
सशापेक्षा गवताच्या धुळीचा होण्याची शक्यता जास्त. आणण्याआधी शेल्टरमध्ये नवऱ्याला तास-दोन तास दोनतीनदा बसवा, गवत हाताळू दे, तिथेच कळेल. गवत झटकून बाल्कनीत ठेवायचं, आणि ट्रेच्या एका टोकाला गवत ठेवा, ससे खाता खाताच शी करतात, शिकवायला वेगळं काही लागत नाही.

अबोली
धागा वर काढतेय. आज आणून एकोणीस दिवस झाले.

नवरा तीनदा जाऊन बसला, शिंका दोन आल्या, बाकी ठीक. डॉक्टर आधी शोधले, तपासून आणलं. बैठकीच्या खोलीचा अर्धा भाग त्याला दिला, चटया टाकल्या, वायरी वर गेल्या. शेल्टरमधलं ते पुठ्ठ्याचं खोकं मागून आणलं, त्याच्या वासाचं म्हणून.

पहिले चार दिवस तो खोक्यातच. रात्री पाय आपटायचा, एवढ्याशा जिवाचा आवाज खालच्या मजल्यापर्यंत जाईल असा. मी लेंड्या मोजत बसायचे, रुईफूल, तुमच्यामुळे. लेकीला एकच नियम होता, खोक्यात हात घालायचा नाही. ती रोज संध्याकाळी पालथी पडून गोष्टीचं पुस्तक मोठ्याने वाचायची, त्याच्याकडे न बघता. नवव्या दिवशी तो बाहेर आला आणि पुस्तकाच्या कोपऱ्यावर हनुवटी घासून गेला. आता तर टेबलाचे पाय, माझी चप्पल, झाडूचा दांडा, सगळ्यावर हनुवटी घासून ठेवलीय.

काल एक प्रकार झाला. मी स्वयंपाकघरातून येऊन बघते तर तो धाडकन कुशीवर पडला, पाय लांब, डोळे अर्धे मिटलेले, हलेना. माझ्या हातातलं भांडं खाली पडायचंच बाकी होतं. मी ओरडणार तेवढ्यात लेकीने ओठांवर बोट ठेवलं आणि हळूच म्हणाली, "आई, झोपलाय तो. दमलाय." मी जवळ जाऊन बघितलं, पोट वरखाली होत होतं. हे बरोबर आहे ना?

गवतफुला
अगदी बरोबर! भीती गेली की असेच आडवे होतात. आमच्या पहिलीला असं पडायला पाच महिने लागले होते.

सांजवेळ
एकोणीस दिवसांत. मी हे आमच्या शेल्टरमध्ये वाचून दाखवणार आहे, चालेल ना?

टिंबटिंब
नाव काय ठेवलं ते सांगा की!

अबोली
सांजवेळ, चालेल काय, नक्की दाखवा. नाव लेकीने ठेवलंय, नाडी. बुटाची.